तिसऱ्या पट्ट्याला तेल

मातोझिन्यूशला मासळीबाजाराच्या मागे
एक गोदाम आहे. त्याची किल्ली माझ्याकडे असते.
संगीताशी माझा संबंध एवढाच.

शुक्रवारी ते दोघं व्हॅनभर भंगार घेऊन आले.
अडेरितु, एकेकाळचा गॅरेजवाला,
आणि लिओकाडिया, जी दिवसभर
दवाखान्यात म्हाताऱ्यांचे कान तपासते
आणि रात्री, तिच्याच शब्दांत, नवी गिऱ्हाइकं तयार करते.
पाटी लावली: फेरुझें. म्हणजे गंज.
तिकीट चार युरो, कापसाचे बोळे फुकट.

ऐकायला अकरा जण.
मी स्वतःला धरलं नव्हतं त्यात,
मी दार बंद करायला थांबलो होतो.

आठ कॅसेट प्लेयर, एकही धड नाही.
बियरच्या बाटलीला वळसा घालून फिरणारी फीत.
सार्डिनच्या रिकाम्या डब्याला
चिकटपट्टीनं लावलेला माइक,
डब्यात मूठभर जाडं मीठ.
तिनं डबा कलता केला.
मीठ घरंगळलं
आणि छप्पर खाली आलं.

कानठळ्या बसणं मला नवं नाही,
बंदरात वाढलोय.
पण बसलेले कान पुन्हा उठतात
हे ठाऊक नव्हतं.
पंधराएक मिनिटांनी त्या घरघरीच्या भिंतीला
पहिली फट दिसली.
आत कुणीतरी कपात चमचा ढवळत होतं.
त्याच्याही आत दाराची कडी,
बाप उशिरा घरी येई तेव्हा वाजायची तशी, जपून.
मग पाऊस. किंवा तळण.
दोन्हींचा आवाज एकच असतो
हे चौपन्न वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

अडेरितु मान वर करत नव्हता.
डाग देताना चावतो तसा ओठ चावून
एकेक कॅसेट वर आणत होता, बुडवत होता,
पकडलेला मासा
परत पाण्यात सोडणाऱ्या माणसासारखा.

मग ती आली.
किर्र. थांब. किर्र-किर्र. थांब.
बारीक, लंगडी.

आणि तिसऱ्या रांगेतली कुश्तोदिया,
वय एकोणऐंशी, नातवानं हट्टानं आणलेली,
मांडीवरची पर्स खाली पाडून उठली:
"तेल घाला तिला! तिसऱ्या पट्ट्याला तेल घाला!
बेअरिंग सुकलंय, ऐकू येत नाही का मेल्यांनो?"

लिओकाडियानं बाकी सगळं खाली ओढलं.
ती एक किरकिर तेवढी राहिली,
जुन्या बाजारात पन्नास सेंटला मिळालेल्या
चिठ्ठी नसलेल्या कॅसेटमधली.
कुठली, कधीची, त्या दोघांनाही माहीत नव्हतं.

कुश्तोदिया पुढे गेली. स्पीकरच्या जाळीवर
हात ठेवला, आजारी गाईच्या पाठीवर ठेवतात तसा.
"भोंगा झाला की रात्री दोनलासुद्धा यायचो आम्ही.
इथे मी डोकी उडवायची. उजवीकडे एल्वीरा.
ती गायची. गाणं नाही ह्यात?"

आम्ही बारा जणांनी कानोसा घेतला.
(आता मी धरलं स्वतःला.)
किर्र. थांब.
त्या थांबण्यात काहीतरी होतं खरं.
लिओकाडिया म्हणाली, श्वास आहे.
अडेरितु म्हणाला, फितीची सळसळ.
नातू म्हणाला, आजी, असे पट्टे
शंभर कारखान्यांत असतील.
"असतील," ती म्हणाली,
"पण ते असे लंगडत नसणार."

टाळ्या कधी वाजवायच्या ते कुणाला कळेना.
मीठ झाडून मी खुर्च्या रचल्या.
त्या खुर्च्यांनाही आवाज होते,
प्रत्येकीला वेगळा;
चार पुन्हा खाली ठेवून परत रचल्या.

अडेरितुनं व्हॅनमधली तेलाची डबी
माझ्या हातात दिली. ह्या दाराला घाल, म्हणाला,
आमच्या शांत भागात सारखं मधे बोलतं.

सगळे गेल्यावर दार ओढलं. कुरकुरलं.
उघडलं. लावलं. पुन्हा उघडलं.
वरची बिजागरी एक बोलते,
खालची थोड्या उशिरानं उत्तर देते.

"तेल!" रस्त्याच्या वळणावरून
कुश्तोदिया ओरडली.

उद्या घालतो, म्हटलं.